दळण आपले, जाते कोणाचे?

उपासाची भाजणी गिरणीत द्यायची म्हणजे घराघरांत एक चौकशी ठरलेली असते. साबुदाणा, वरी, राजगिरा घरी निवडून, भाजून डबा भरला तरी काम निम्मेच झालेले असते. गिरणीवाल्याला विचारावे लागते, ‘आधीचे दळण कशाचे होते?’ जात्यात गव्हाचे पीठ अडकून राहिले असेल तर एवढ्या निगुतीने केलेल्या भाजणीचा उपास तिथेच मोडला. आणि पीठ हातात आल्यावर ते कळायला काही मार्ग नसतो. धान्य ओंजळीत घेऊन पाहता येते, खडा वेचता येतो, कीड दिसते. पिठात काय मिसळले आहे ते पीठ सांगत नाही.

संगणकाच्या आज्ञावल्यांची, म्हणजे ज्याला आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतो त्याची, गोष्ट याहून फार वेगळी नाही. प्रोग्रॅमर लिहितो तो माणसाला वाचता येणारा मजकूर असतो. काही इंग्रजी शब्द, काही बीजगणितासारखी चिन्हे, मधूनमधून स्वतःच्याच आठवणीसाठी लिहून ठेवलेली टिपणे. याला सोर्स कोड म्हणतात. हे झाले धान्य. यंत्राला ते तसेच पचत नाही. कंपायलर नावाची दुसरी एक आज्ञावली ते दळते, शून्य आणि एक यांच्या भाषेत त्याचे पीठ करते आणि संगणक चालतो तो या पिठावर. आपण विकत घेतो, इंटरनेटवरून उतरवून घेतो किंवा मोबाइलच्या दुकानातून फुकट मिळवतो ते सारे पीठ. त्यावरून मूळ धान्य कसे होते हे सांगणे तज्ज्ञांनाही महाकठीण.

बहुतेक व्यापारी कंपन्या पीठच विकतात, धान्य कुलपात ठेवतात. लिनक्सच्या जगात मात्र धान्य उघड्यावर असते. ज्याला हवे त्याने ते न्यावे, निवडावे, त्यात आपल्या चवीचे काही घालावे, घरी दळावे आणि शेजाऱ्यालाही द्यावे. हा काही हौशी मंडळींचा कोपऱ्यातला उद्योग आहे, असे कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा गाभा असतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात. आपण बँकेचे, रेल्वेचे, विजेच्या बिलाचे जे काही व्यवहार घरबसल्या करतो, त्यांच्या वाटेत कुठे ना कुठे लिनक्सचा संगणक भेटतोच. म्हणून हे धान्य कोण दळते आणि जाते कोणाचे, हा प्रश्न तुमचा-आमचाही आहे.

याची सुरुवात, खरे वाटणार नाही, पण एका अडकणाऱ्या प्रिंटरपासून झाली. अमेरिकेत एमआयटी या संस्थेतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडके. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रॅमरने थोडी भर घातली होती, त्यामुळे कागद अडकला की ज्यांची कामे खोळंबली आहेत त्यांना संगणकावर निरोप जाई. नव्या प्रिंटरसोबत सोर्स कोड आलाच नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता, त्याने ‘मी कोणाला देणार नाही असे वचन दिले आहे’ म्हणून नकार दिला. स्टॉलमन यांना तो नकार फार लागला. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. सर्व आज्ञावल्या अशा असाव्यात, की त्यांचा सोर्स कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता यावा, हा त्यामागचा आग्रह. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि ग्नूची भांडीकुंडी त्याच्याभोवती मांडली गेली. पुढचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

आता हे घरचे दळण प्रत्यक्षात कसे होते? इंटरनेटवरून सोर्स कोडचे एक दाबून बांधलेले गाठोडे येते. ते सोडले की आत शेकडो फायली निघतात. मग ‘कॉन्फिगर’ नावाची एक पूर्वतयारीची आज्ञा द्यायची. ती तुमच्या यंत्राची झडती घेते. कंपायलर आहे का, कोणता आहे, अमुक लायब्ररी आहे का, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग हाताशी आहेत का. पडद्यावर भराभर ओळी सरकत जातात. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी सुगरणीने फळीवरचा एकेक डबा उघडून पाहावा तसे. एखादा डबा रिकामा निघाला की काम तिथेच थांबते, आणि तो भरायला गेले की त्यासाठी आणखी दोन डबे लागतात असे कळते. नवख्या माणसाचा रविवार बहुधा इथेच संपतो.

सगळे जमले की ‘मेक’ म्हणायचे. हा मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. कोणती फाईल कशावर अवलंबून आहे हे पाहून तो फक्त बदललेला भाग पुन्हा दळतो, सगळे नाही. त्याच्या सूचना लिहिताना ओळीच्या सुरुवातीला टॅबची कळ दाबलीच पाहिजे, कोऱ्या जागा सोडलेल्या चालत नाहीत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे या टॅबने हजारोंना रडवले आहे. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर दहा-बारा सहकारी मेक वापरू लागले होते, त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. तेव्हाच्या दहा-बारा जणांची सोय साऱ्या जगाला पन्नास वर्षे महागात पडली आहे. असो.

शेवटची पायरी ‘मेक इन्स्टॉल’. तयार झालेले पीठ डब्यात भरायचे. घरी दळलेल्या गोष्टी ‘यूएसआर-लोकल’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, अशी जुनी रीत आहे. सोवळ्यातली फळी निराळी असते तशी. हे सारे शिकण्यासाठी ग्नूने ‘हॅलो’ नावाची एक आज्ञावली मुद्दाम ठेवली आहे. ती जगाला नमस्कार करणारी एक ओळ छापते, बाकी काही करत नाही. पण तिच्यासोबतचा सगळा संसार मात्र मोठ्या आज्ञावलीसारखा रीतसर मांडलेला आहे. भातुकलीच म्हणायची.

पण प्रत्येकाने सगळे घरी दळायचे ठरवले तर दुसरे काही करायला वेळ उरणार नाही. लिनक्सच्या एकट्या गाभ्याचा सोर्स कोड तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. म्हणून १९९३ पासून डेबियनसारख्या संस्था उभ्या राहिल्या. इयान मरडॉक या विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि तिला मैत्रीण डेब्रा हिचे आणि स्वतःचे नाव जोडून दिले. या संस्थांचे स्वयंसेवक हजारो आज्ञावल्या दळून, नीट बांधून, मोहोर लावून देतात. अशा बांधलेल्या पुडीला पॅकेज म्हणतात. डेबियनच्या कोठारात आज साठ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत.

आणि तरीही स्वतःचे पॅकेज बांधण्याची गरज उरतेच. जुन्या यंत्रावर अनावश्यक भाग गाळून हलकी आज्ञावली हवी असते. एखादी दुरुस्ती कोणी तरी केलेली असते, पण ती कोठारात यायला अजून सहा महिने असतात. किंवा कारण अगदी आपल्या घरचे असते. मराठी माणसाला ‘ल’ पाकळीचा हवा आणि ‘श’ शेंडीफोड्या. हिंदी छापातला दंडाचा ‘ल’ त्याच्या डोळ्याला खुपतो. अक्षराचा साचा असलेल्या फॉन्टमध्ये भाषेनुसार रूप बदलायची सोय करता येते. पण ती कोणी तरी करावी लागते, आणि पडद्यावर अक्षरे मांडणाऱ्या आज्ञावलीने ती मानावी लागते. व्यापारी कंपनीला आपण फक्त तक्रारीचे पत्र पाठवू शकतो. सोर्स कोड हाताशी असला तर तो बदलून आपले पॅकेज बांधता येते. याच मुभेच्या जोरावर ‘सी-डॅक’ या आपल्या सरकारी संस्थेने २००७ साली डेबियनवर बेतून ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली काढली.

डेबियनवर हे काम तसे नेटके आहे. एक आज्ञा दिली की पॅकेजचा सोर्स कोड त्यावरच्या सगळ्या ठिगळांसकट समोर येतो. दुसरी दिली की बांधणीला लागणारे डबे भरले जातात. मग हवा तो बदल करायचा, चोपडीत आपल्या नावाने नोंद घालायची, आवृत्तीच्या आकड्यापुढे आपली खूण जोडायची आणि पुडी बांधायची. खूण जोडायची ती यासाठी, की कोठारातून नवी आवृत्ती आली तर आपली कोणती आणि त्यांची कोणती हे यंत्राला कळावे. यातली एक गोष्ट मात्र उत्साहाच्या भरात विसरली जाते. आपण बांधलेल्या पुडीला आपणच जबाबदार. मूळ आज्ञावलीत एखादे भोक सापडले आणि कोठाराने ते बुजवले, तरी आपण आपली पुडी धरून बसलो असू तर ते भोक आपल्या घरात तसेच उघडे राहते.

इथवर हिशेब सोपा दिसतो. धान्य निवडले, घरी दळले, आता चिंता नाही. पण केन टॉम्पसन यांनी १९८४ सालीच या समजुतीला सुरुंग लावला होता. टॉम्पसन हे युनिक्स प्रणालीच्या जनकांपैकी एक. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना डेनिस रिची यांच्यासोबत मिळाला. त्या निमित्ताने केलेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले, की कंपायलरच असा बिघडवून ठेवता येतो की तो प्रवेशद्वाराची, म्हणजे ‘लॉगिन’ची, आज्ञावली दळताना तीत गुपचूप एक चोरदार ठेवील. बरे, कंपायलरचा सोर्स कोड तपासावा, तर तो स्वच्छ. कारण नवा कंपायलर दळायला जुनाच कंपायलर लागतो, आणि तो बिघडलेला कंपायलर आपली खोड नव्या कंपायलरमध्ये आपणहून उतरवतो. धान्य निर्मळ, पण जात्यातच गव्हाचे पीठ!

चाळीस वर्षे ही गोष्ट वर्गात सांगण्यापुरती वाटत होती. मग २०२४ सालचा मार्च महिना आला.

‘एक्सझेड’ ही फायली दाबून लहान करणारी एक साधी आज्ञावली. तिची लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते, आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ ती वर्षानुवर्षे बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत आले. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ असे नाव लावणारा कोणी मदतीला आला. लहानसहान दुरुस्त्या पाठवू लागला. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावे प्रकटली, त्यातले एक तर थेट भारतीय वाटावे असे. कामे का रेंगाळतात, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती का देत नाही, अशी टोचणी त्यांनी लावली. कॉलिन यांनी उत्तरात लिहिले, की दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे आपल्याला पूर्वीइतके जमत नाही, आणि हे काम बिनपैशाच्या छंदाचे आहे हेही ध्यानात घ्यावे. हळूहळू टॅनच्या हाती किल्ल्या आल्या. ही टोचणारी मंडळी आणि तो मदतनीस हे एकाच कटातले असावेत, असा दाट संशय आज व्यक्त होतो. टॅन कोण, एक माणूस की अनेक, हे अद्याप उजेडात आलेले नाही.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये टॅनने ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या काढल्या. विष त्यात होते, पण कुठे? सोर्स कोडच्या वाचनीय ओळींत नव्हते. ते चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या म्हणवणाऱ्या दाबलेल्या फायलींत दडवले होते. त्या कोण वाचणार? आणि ते विष बाहेर काढणारी ओळ सार्वजनिक भांडारातल्या सोर्स कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त तयार करून ठेवलेल्या गाठोड्यात, ‘कॉन्फिगर’ची तयारी करणाऱ्या एका फायलीत होती. आपण वर पाहिली ती डबे उघडून पाहणारी पायरी. नेमकी तिथेच चोराने जागा धरली. ती ओळ आधी खात्री करून घेई. यंत्र ठरावीक जातीचे आहे ना, कंपायलर ग्नूचाच आहे ना, आणि मुख्य म्हणजे, डेबियनच्या किंवा आरपीएमच्या पद्धतीचे पॅकेज बांधले जात आहे ना. तसे असेल तरच विष दळणात मिसळायचे. म्हणजे एखाद्या जिज्ञासूने घरी सरळ ‘मेक’ करून तपासणी केली असती, तर त्याला सारे स्वच्छ दिसले असते. हजारोंना वाटण्यासाठी दळण चालू असेल तेव्हाच त्यात हात घालायचा, इतका हा डाव विचारपूर्वक रचलेला होता.

लक्ष्य होते ‘एसएसएच’, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याचा जगभरचा दरवाजा. एसएसएचचा आणि एक्सझेडचा मुळात काही संबंध नाही. पण डेबियन आणि इतर काहींनी आपल्या पॅकेजमध्ये सोयीसाठी एक ठिगळ लावले होते. त्या ठिगळामुळे एसएसएचसोबत दुसरी एक लायब्ररी येई आणि तिच्या पदराला धरून एक्सझेड. स्वतःच्या सोयीने पॅकेज बांधण्याची जी मुभा लिनक्सचे बळ मानली जाते, तिच्यातूनच चोराने वाट काढली, हे कोणी तरी सांगायला हवे. ज्याच्याकडे त्या चोरदाराची गुप्त किल्ली असेल त्याला अशा यंत्रावर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

हे पकडले कोणी? कोणत्या गुप्तहेर खात्याने नव्हे. अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता. आपल्या कामाची सूक्ष्म मोजमापे घेताना त्यांना दिसले, की एसएसएचने आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि यंत्रावर विनाकारण ताण येतो आहे. दुसऱ्या एखाद्याने नव्या आवृत्तीला नावे ठेवून विषय सोडला असता. फ्रॉइंड मागोवा घेत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी सगळे जाहीर केले. बाधित आवृत्त्या तोवर डेबियन, फेडोरा वगैरेंच्या चाचणीच्या शाखांपर्यंतच पोचल्या होत्या. सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्तीत गेल्या नव्हत्या. काही आठवडे उशीर झाला असता तर, हा विचारही नकोसा वाटतो.

यावर ‘बघा, उघड्या सोर्स कोडचे हे असे’ असे म्हणणारे लगेच पुढे आले. मला ते पटत नाही. कुलपातल्या धान्यात हे घडले असते तर फ्रॉइंड अर्ध्या सेकंदापाशी येऊन थांबले असते; पुढे जायला वाटच नव्हती. पण ‘सोर्स कोड उघडा आहे ना, मग कोणी तरी पाहतच असेल’ ही दुसऱ्या बाजूची निश्चिंतीही तितकीच पोकळ ठरली. हजारो डोळे आहेत असे ज्या लायब्ररीबद्दल आपण गृहीत धरले होते, तिच्यावर प्रत्यक्षात एका थकलेल्या माणसाचे दोन डोळे होते.

मग खात्री करायची कशी? डेबियनची मंडळी २०१३ च्या सुमारापासून एका चिकाटीच्या कामाला लागली आहेत. तोच सोर्स कोड दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या यंत्रांवर दळला तर पीठ कणाकणाने तंतोतंत सारखे यावे. ऐकायला सोपे, पण बांधणीच्या वेळी त्यात तारीख-वेळ शिरते, फोल्डरचे नाव शिरते, फायलींचा क्रम बदलतो, आणि पीठ वेगळे दिसते. ही एकेक खोड शोधून काढावी लागते. आज डेबियनची बहुतांश पॅकेजेस या कसोटीला उतरतात. म्हणजे गिरणीवाल्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर कोणीही स्वतः दळून, दोन्ही पिठे ताडून पाहू शकतो. एक्सझेडचे विष मात्र याने सापडले नसते, हेही खरे. कारण गाठोडेच बाधित होते, दोन्हीकडे सारखेच विषारी पीठ आले असते. त्यासाठी गाठोडे आणि सार्वजनिक भांडार यांचा ताळा घ्यायला हवा, आणि तो घेण्याची कटकट बहुतेक जण करत नव्हते.

टॉम्पसन यांच्या बिघडलेल्या जात्यावरही उतारे निघाले. डेव्हिड व्हीलर यांनी दोन परस्परांशी संबंध नसलेल्या कंपायलरांकडून एकच कंपायलर दळून घेऊन ताडण्याची रीत मांडली. आणि ‘गिक्स’ नावाच्या लिनक्सवाल्यांनी तर २०२३ साली कमालच केली. जात्याला टाकी लावणारे हत्यारही स्वतःच घडवायचे, या हट्टाने त्यांनी अवघ्या ३५७ बाइट्सच्या एका बीजापासून सुरुवात केली. देवनागरीत एवढ्या जागेत ११९ चिन्हे मावतात. या परिच्छेदाचे पहिले वाक्य आणि दुसऱ्याचा अर्ध्याहून अधिक भाग, एवढेच. हे बीज एकेक बाइट करून माणसाला हाताने तपासता येते. त्यातून थोडे मोठे हत्यार, त्यातून आणखी मोठे, असे करत शेवटी पूर्ण कंपायलर आणि त्यातून सारी प्रणाली.

कॉलिन यांनी चौकशीच्या गदारोळात भांडार पुन्हा तपासले, चोराचे हात लागलेल्या फायली काढून टाकल्या आणि २९ मे २०२४ रोजी ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यासोबतच्या टिपणात पहिली नोंद चोरदार काढून टाकल्याची आहे. त्याखाली नेहमीच्या बारीकसारीक दुरुस्त्यांची यादी सुरू होते.